सॅव्हानातली धानशेती आणि तणनाशकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायजेरियाच्या मध्य भागात, बिडा शहराच्या आसपास, मी धानाच्या शेतीवर तीन पावसाळे काढले. त्याआधी धान म्हणजे माझ्यासाठी भंडारा जिल्ह्यातल्या बांध्या, पऱ्हे आणि रोवणी. तिकडे नोकरीला निघालेली आपल्याकडची कृषी पदवीधर मुलं फोन करतात, तेव्हा पगार आणि मलेरिया यांच्यानंतर हमखास तणाचा विषय निघतो. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. औषधांची मात्रा जिथे दिली आहे तिथे ती हेक्टरी आहे. हातातल्या डब्यावरच्या लेबलवर वेगळं लिहिलं असेल, तर लेबलचं ऐका.

सॅव्हाना म्हणजे गवताळ माळ ना? तिथे धान कसं पिकतं?

माळच, पण आपल्या मनात असतो तसा कोरडा नाही. पश्चिम आफ्रिकेत समुद्राकडून सहाराकडे जाताना पाऊस टप्प्याटप्प्याने कमी होत जातो. मधल्या पट्ट्याला गिनी सॅव्हाना म्हणतात. तिथे वर्षाला साधारण ९०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. वरच्या आकड्याच्या भागात उभं राहिलात, तर पावसाच्या हिशेबाने तुम्ही गोंदिया-भंडाऱ्यातच आहात.

फरक आहे तो पाणी अडवण्यात. आपल्याकडे मालगुजारी तलाव आहेत, पिढ्यान्‌पिढ्या घातलेले धुरे, म्हणजे बांध, आहेत. तिकडे बराचसा धान उतारावर, बांध न घालता, थेट पेरला जातो. त्याखालोखाल येतात दोन टेकड्यांमधल्या ओल्या सखल पट्ट्या. हौसा भाषेत त्यांना ‘फदामा’ म्हणतात, फ्रेंच बोलणाऱ्या देशांत ‘बा-फाँ’. कालव्याच्या पाण्यावरची शेती आहे, पण तुलनेने थोडी. उतारावरचं, फदामातलं आणि कालव्याखालचं तण वेगवेगळं असतं. तिन्हीकडे एकच औषध मारणारा माणूस निदान दोन ठिकाणी पैसे वाया घालवतो.

आपल्यापेक्षा तिकडे तण इतकं जास्त का?

आपण चिखलणी करतो आणि रोवणीनंतर चार बोटं पाणी उभं ठेवतो. हे पाणीच आपलं पहिलं तणनाशक आहे. बहुतेक गवतांचं बी पाण्याखाली उगवत नाही. उतारावरच्या पेरणीत हा आधार नसतो. धान आणि तण एकाच दिवशी, एकाच पावसाने वर येतात, आणि तण जास्त घाईत असतं.

दुसरं कारण जमिनीचं. पूर्वी तिकडे दोन-तीन वर्षं पीक घेऊन जमीन दहा-पंधरा वर्षं पडीक ठेवत. झुडपं वाढत, सावली पडे, गवत मरे, जमिनीतला बियांचा साठा संपत जाई. लोकसंख्या वाढली तसा हा विसावा तीन-चार वर्षांवर आला, काही ठिकाणी पूर्ण बंद झाला. शेत सोडून जाण्याचं मोठं कारण म्हणून तिथले शेतकरी जमिनीचा कस गेल्याच्या बरोबरीने तणाचं नाव घेतात.

सहारापलीकडच्या आफ्रिकेतल्या भाततणांवर रोडेनबर्ग आणि जॉन्सन यांनी २००९ मध्ये एकत्र केलेले आकडे मी नव्या माणसाला आधी वाचायला लावतो. तणाला अजिबात हात लावला नाही तर रोवणीच्या सखल धानात २८ ते ७४ टक्के, थेट पेरलेल्या सखल धानात २८ ते ८९ टक्के आणि उतारावरच्या धानात ४८ ते १०० टक्के उत्पन्न जातं. शंभर टक्के म्हणजे पेरलेलं बीसुद्धा परत येत नाही. निंदण करूनही या सगळ्या देशांत मिळून वर्षाला किमान २२ लाख टन धान तणात जातं, असा त्यांचा अंदाज होता.

मग निंदण का करत नाहीत? मजूर तर भरपूर असतील.

हा प्रश्न आला की मला थोडा राग येतो. निंदण करतात, आणि प्रामाणिकपणे करतात. आखूड दांड्याचं फावडं घेऊन, कमरेत पूर्ण वाकून, दिवसभर. बायका हे काम पाठीवर मूल बांधून करतात. पण ज्या तीन आठवड्यांत धानाला निंदणाची गरज असते, त्याच आठवड्यांत ज्वारी, मका आणि सुरणासारख्या यॅम कंदाचीही खुरपणी येते. घरची माणसं तेवढीच, दिवस तेवढेच. मग निंदण दहा दिवस मागे पडतं आणि मुलांची शाळा बुडते.

उगवणीपासूनचे पहिले सहा आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. उतारावरच्या धानात तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास दोन निंदणं वेळेवर झाली तर पीक बहुतेक सावरतं. तिसऱ्या आठवड्याचं निंदण पाचव्यात केलं तर मजुरी पूर्ण लागते आणि फायदा अर्धाही मिळत नाही. तणनाशकाचं खरं मोल या दहा-पंधरा दिवसांच्या ओढाताणीत आहे. ते निंदणाला वेळ मिळवून देतं. निंदण संपवतं म्हणून कोणी विकत असेल, तर त्याच्याकडून घेऊ नका.

तिकडची तणं ओळखीची असतात का?

निम्मी तरी असतात. पहिल्याच आठवड्यात मला केना, लव्हाळा, हराळी, ओसाडी आणि दुधी भेटली, आणि परक्या मुलुखात गाववाले भेटावेत तसं वाटलं. फदामात पाखडाच्या जातीची गवतं, मोथे आणि पाणलवंग होती. रानमोडीही आहे, विशेषतः दक्षिणेकडे.

नवी आणि त्रासाची चार सांगतो. पहिलं इम्पेराटा, आपल्या दर्भासारखं टोकदार. त्याचा कोंब भाल्यासारखा जमिनीतून वर येतो आणि कधीकधी कंदातून आरपार जातो. दुसरं रॉटबोएलिया, माणसाएवढं उंच वाढणारं गवत. त्याच्या देठावरची कूस हातात मोडते आणि खाज सुटते, म्हणून मजूर त्याला हात लावायला नाखूश असतात. तिसरं बहुवर्षायू जंगली धान. चौथी परजीवी तणं. शेवटच्या दोघांचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत.

औषध निवडण्याआधी शेतात जाऊन बघायचं एवढंच: गवतवर्गीय तण जास्त आहे, मोथावर्गीय, की रुंद पानांचं? मोथ्याचा देठ बोटांत फिरवला की तीन कडा लागतात, गवताचा गोल किंवा चपटा लागतो. आणि जमिनीच्या वर उपटून येणारं आहे, की खाली खोड किंवा गाठ सोडून येणारं? या दोन प्रश्नांत निम्मी निवड होते.

कोणतं तणनाशक केव्हा वापरायचं?

पेरणीआधी, पेरणीनंतर लगेच, आणि तण दिसल्यावर असे तीन मोके असतात.

पेरणीआधी, उभं गवत मारायला ग्लायफोसेट. ते पानातून शिरून मुळापर्यंत जातं, म्हणून गवत हिरवं आणि वाढीला लागलेलं हवं. कोरड्या ऋतूत वाळलेल्या किंवा नुकत्याच जाळलेल्या रानावर मारलं तर काही मिळत नाही. पहिल्या दोन-तीन पावसांनी फुटवा येऊ द्या, मग मारा, आणि पेरणी त्यानंतर.

पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी, उतारावर पेंडीमिथॅलिन किंवा ऑक्झाडायझॉन, दोन्ही साधारण १ किलो सक्रिय घटक, म्हणजे औषधातला प्रत्यक्ष तण मारणारा भाग. जमिनीत ओल नसेल तर ही औषधं वरच्या थरात पसरतच नाहीत. रोवणीच्या धानात ब्युटाक्लोर तीन ते पाच दिवसांत, बांधीत पातळसं पाणी असताना. चिखलावर मोड आलेलं बी फेकलं असेल, म्हणजे आपल्या आवत्यासारखं, तर संरक्षक घटक मिसळलेलं प्रेटिलाक्लोर बरं.

तण दिसल्यावर, गवत दोन-तीन पानांचं असताना प्रोपॅनिल. पश्चिम आफ्रिकेतलं हे जुनं, सरावाचं औषध आहे, आणि २,४-डी बरोबर मिसळलेल्या तयार स्वरूपात दुकानोदुकानी मिळतं. ते जिथे लागतं तेवढाच भाग जळतो, म्हणून पूर्ण पान भिजायला हवं. गवत चार-पाच पानांचं झालं की प्रोपॅनिल त्याला फक्त चटका देतं. त्या वेळी बिस्पायरिबॅक सोडियम, साधारण २५ ग्रॅम सक्रिय घटक, सखल धानात उपयोगी पडतं. फवारताना पाणी उतरवा म्हणजे तण उघडं पडेल, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरा. मोथे आणि रुंद पानांसाठी २,४-डी स्वस्त आणि खात्रीचं, पण त्याच्या अटी आहेत.

एकाच हंगामात हे सगळं वापरायचं नाही. माझ्या अनुभवात लहान शेतकऱ्याला सगळ्यात जास्त परवडलं ते एक फवारणी आणि एक निंदण. उगवणीपूर्व एक मात्रा, मग पाचव्या-सहाव्या आठवड्यात हाताने राहिलेलं काढणं.

पेंडीमिथॅलिन मारल्यावर आमचं धानच खुजं राहिलं. असं का?

हे मी स्वतः केलं आहे. पहिल्या वर्षी घाई होती, बी फेकून दिलं आणि वरवर फणी फिरवली. अर्धं बी मातीच्या वरच राहिलं. त्यावर पेंडीमिथॅलिन, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठा पाऊस. दहाव्या दिवशी रोपं उपटून पाहिली तर मुळांची टोकं आखूड, जाड, फुगलेली. बाजूची बारीक मुळं नव्हतीच. पानं गडद हिरवी आणि आखडलेली. तीन एकरांत पुन्हा पेरावं लागलं, आणि ते बी शेजारच्या गावातून उसनं आणलं.

हे औषध वाढत्या टोकातल्या पेशींचं विभाजन थांबवतं, मग ते टोक तणाचं असो की धानाचं. धान वाचतं कारण त्याचं बी औषधाच्या थराखाली असतं. म्हणून बी दोन-तीन सेंटिमीटर मातीने नीट झाका. रेताड जमिनीत मात्रा कमी धरा. मोड आलेल्या, उघड्या बियांवर हे औषध कधीच नको.

पंपात किती टाकायचं? तिथले लोक झाकणाने मोजतात.

झाकणं दर कंपनीची वेगळी, आणि माणसाची चाल दर माणसाची वेगळी. मोजायला अर्धा तास लागतो, पण एकदा मोजलं की हंगामभर चालतं.

दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जागा खुंट्या मारून घ्या. पंपात मोजून साधं पाणी भरा आणि जो माणूस पुढे फवारणार आहे त्यालाच त्याच्या नेहमीच्या चालीने फवारू द्या. किती पाणी लागलं ते पाहा. समजा २ लिटर. १०० चौरस मीटरला २ लिटर म्हणजे हेक्टरी २०० लिटर. १६ लिटरचा पंप ८०० चौरस मीटरला पुरतो. आता ३३ टक्क्यांचं पेंडीमिथॅलिन हेक्टरी ३ लिटर द्यायचं असेल, तर एका पंपात २४० मिलि. एकराला पाच पंप, १.२ लिटर औषध. संपला हिशेब.

नोझल बदलला, माणूस बदलला, किंवा सपाट शेतातून ढेकळांत गेलात, तर पुन्हा मोजा. आणि तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल वापरा. कीटकनाशकाचा पोकळ शंकूचा नोझल लावून मारलेलं शेत दोन आठवड्यांनी पट्ट्यापट्ट्यांनी हिरवं दिसतं.

पाणी कमी घालून औषध कडक केलं तर चालेल? पाणी लांबून आणावं लागतं.

पाण्याची अडचण खरी आहे. हेक्टरी २०० लिटर म्हणजे डोक्यावरच्या २० लिटरच्या घमेल्याने ओढ्यापर्यंत दहा फेऱ्या, आणि त्या बहुधा घरातली मुलगी करते. ग्लायफोसेट कमी पाण्यात चालतं, उलट जास्त चांगलं चालतं. प्रोपॅनिल चालत नाही, कारण पान भिजायलाच हवं. उगवणीपूर्व औषधं कमी पाण्यात ठिपक्यांसारखी पडतात.

ओढ्याचं गढूळ पाणी मात्र ग्लायफोसेटला घातक. मातीचे कण त्याला घट्ट धरून ठेवतात आणि ते झाडात शिरतच नाही. रात्रभर पिंपात पाणी निवळू द्या आणि सकाळी वरचं घ्या.

दुपारी पाऊस आला तर?

पेंडीमिथॅलिन, ऑक्झाडायझॉनला हलका पाऊस हवाच असतो, फक्त मुसळधार नको. ग्लायफोसेटला सहा तास तरी उघडीप द्या. प्रोपॅनिललाही चार-सहा तास. पावसाळ्यात तिकडे ढग बहुधा दुपारनंतर जमतात, म्हणून सकाळी पानांवरचं दव उडालं की सुरुवात करा.

प्रोपॅनिल मारल्यावर धानही करपलं. औषध खराब होतं का?

आधी विचारा, दोन आठवड्यांत कीटकनाशक मारलं होतं का? धान प्रोपॅनिलमधून वाचतं कारण त्याच्या पानात एक विकर (एन्झाइम) असतं, जे प्रोपॅनिल तोडून टाकतं. पाखडासारख्या गवतात ते नसतं. पण ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतली कीटकनाशकं हे विकर बंद पाडतात. मग धान आणि पाखड, प्रोपॅनिलपुढे दोघंही सारखेच. या दोन फवारण्यांमध्ये, पुढे-मागे, किमान चौदा दिवस ठेवा, आणि एकाच पंपात तर कधीच मिसळू नका. खोडकिड्याची भीती दाखवून दुकानदार दोन्ही बाटल्या एकदम देतो, तिथे सावध राहा.

२,४-डी बद्दल एवढी ताकीद का?

धान फुटव्यावर असताना, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनंतर आणि पोटरीच्या बरंच आधी, ते द्यायचं. उशिरा दिलं तर लोंब्या वेड्यावाकड्या येतात आणि दाणा भरत नाही.

आणि शेजाऱ्याची चवळी. तिकडे शेतं लहान, बांध नावापुरते, आणि धानाला लागूनच चवळी, भुईमूग, कसावा, भाजीपाला असतो. फवारा उडून आपल्याकडे कपाशीचे पंजे आखडतात तसंच तिथे चवळीचं होतं. वारा तुमच्याकडून शेजारच्या पिकाकडे असेल तर फवारणी दुसऱ्या दिवसावर टाका. एस्टर प्रकार उन्हात वाफेने उडतो, म्हणून अमाइन प्रकार मागा. आणि २,४-डी चा पंप वेगळा ठेवा. धुतलेला पंपसुद्धा पुढे चवळीवर वापरू नका.

दर्भासारखं ते गवत कायमचं जातं का?

एका वर्षात नाही. त्याचं जमिनीतलं खोड फूटभर खाली जातं आणि नांगराने तुकडे केले की प्रत्येक तुकडा फुटतो. पावसावर फुटून गुडघ्याएवढं झालं की ग्लायफोसेट, आणि उरलेल्या ठिगळांवर पुढच्या फुटव्याला पुन्हा. त्यानंतर जमीन उघडी ठेवू नका. दक्षिण बेनिनमध्ये शेतकऱ्यांनी यावर म्युकुना पेरण्याची रीत उचलली, आणि म्युकुना म्हणजे आपल्या खाजकुइरीच्याच कुळातली वेल. ती जमीन झाकून टाकते. सावलीत हे गवत मरतं, आणि वेलीने जमिनीला नत्रही मिळतो. ज्यांना वर्षभर रान थांबवणं परवडतं त्यांच्यासाठी हा उपाय मला औषधापेक्षा सरस वाटतो.

जंगली धान कसं ओळखायचं, आणि कशाने मारायचं?

बिडाजवळच्या फदामात एका सकाळी एक वयस्क शेतकरी मला हाताला धरून बांधीत घेऊन गेले. मला सगळं एकसारखं हिरवं धान दिसत होतं. त्यांनी एक चूड धरली आणि हळूहळू ओढली. धानाची चूड येते तशी ती आली नाही. चिखलातून दोरी निघावी तसं पांढरं, कांड्याकांड्यांचं खोड निघत गेलं, हातभर, आणि तरीही तुटून थोडं खाली राहिलंच. प्रत्येक कांड्यावर एक डोळा. ते ओरायझा लॉंगिस्टॅमिनाटा होतं. त्या काकांनी पाठीमागच्या पट्टीकडे बोट दाखवलं. ती त्यांनी चार वर्षांपूर्वी सोडून दिली होती.

हे गवत धानाच्याच वंशातलं. धानाला न मारणारं कोणतंही नेहमीचं औषध त्यालाही मारत नाही. त्याचं वर्षायू भावंड ओरायझा बार्थीही तिथेच असतं. छत्तीसगडच्या सीमेकडचे आपले शेतकरी ‘करगा’ ओळखतात, त्याच्यासारखंच दाणे आधीच गाळून टाकणारं.

उपाय पिकाच्या आधीचा आहे. पावसाने किंवा पाणी देऊन ते फुटू द्यायचं, चांगलं वाढलं की ग्लायफोसेट, तीन आठवडे थांबून नांगरट, चिखलणी, आणि मग रोवणी. ओळीत रोवलं तर ओळीबाहेरचं प्रत्येक रोप संशयित ठरतं आणि उपटता येतं. फेकून पेरलेल्या शेतात तेही कळत नाही. इमिडाझोलिनोन गटाची औषधं सोसणाऱ्या धानाच्या जाती निघाल्या आहेत. आपल्याकडे पुसा बासमती १९७९ आणि १९८५ तशा आहेत. पण जिथे जंगली भावंडं शेजारी फुलतात, तिथे परागाबरोबर तो गुण त्यांच्यात जाण्याचा धोका आहे. पश्चिम आफ्रिकेत मी हा रस्ता सुचवणार नाही.

टारफुला तिकडे धानावरही येतो?

हो. टारफुला म्हणजे वर म्हटलेलं परजीवी तण, सोलापूरकडच्या ज्वारीवाल्यांना वेगळं सांगायला नको. तिकडचा स्ट्रायगा हर्मोंथिका जास्त उंच, गुलाबी-जांभळ्या फुलांचा, दिसायला सुंदर. ज्वारी, मका, बाजरी आणि उतारावरचं धान, सगळ्यांच्या मुळांवर जगतो. एका झाडाला हजारो बिया, धुळीसारख्या बारीक, आणि जमिनीत दहा-दहा वर्षं टिकणाऱ्या.

इथे तणनाशकाकडून फार अपेक्षा नको. टारफुला जमिनीवर दिसतो तोवर त्याने खालून रस शोषून नुकसान केलेलं असतं. २,४-डी ने किंवा हाताने तो मारायचा तो यंदाच्या पिकासाठी नाही, पुढच्या वर्षाचं बी पडू नये म्हणून. फूल येण्याआधी. खरा आधार प्रतिकारक जाती, नत्र, आणि मधे चवळी-सोयाबीनसारखं पीक. नेरिका या संकरित धानातल्या १ आणि १० या जाती या तणाला चांगला प्रतिकार करतात.

सखल ओल्या धानात त्याची जागा रॅम्फिकार्पा घेतं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर पांढरी ‘तुतारी’ फुलते, तिच्याच गोत्रातलं. पांढऱ्या, लांब नळीच्या फुलांचं. इथे ते फोटोचं फूल, तिथे धानाच्या मुळांतून अन्न चोरणारं. बांध घालून पाणी उभं केलं की ते मागे हटतं.

नेरिका जात तण दाबते असं ऐकलं. मग औषध कशाला?

नेरिका हे आशियाई धान आणि आफ्रिकेचं स्वतःचं धान, ओरायझा ग्लाबेरिमा, यांच्या संकरातून आलेलं. तेव्हा वार्डा नावाने चालणाऱ्या, आजच्या आफ्रिका राइस या संस्थेतलं हे काम. मॉन्टी जोन्स यांना त्यासाठी २००४ चा जागतिक अन्न पुरस्कार युआन लाँगपिंग यांच्यासोबत मिळाला. ग्लाबेरिमाची पानं सुरुवातीला रुंद आणि खाली झुकलेली असतात, जमिनीवर लवकर सावली धरतात. तो गुण नेरिकाच्या सगळ्या जातींत सारखा उतरलेला नाही. पहिलं निंदण टाळता येईल इतकी ताकद मला कुठल्याच जातीत दिसली नाही.

पॅराक्वाट तिथे मिळतं का?

नायजेरियात १ जानेवारी २०२४ पासून या तणनाशकावर बंदी आहे. जुन्या बाटल्या बाजारात दिसल्या तरी घेऊ नका. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, आणि आपल्या गावांत ते काय करतं हे आपण पाहिलेलं आहे.

आणि ग्लायफोसेट सुरक्षित आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते माणसात कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकलं. अनेक देशांच्या नियामकांनी वेगळा निष्कर्ष काढला. भारताने २०२२ मध्ये ते कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरावं असा नियम केला. माझं मत असं की ते वर्षातून एकदा, पेरणीआधी, फक्त बहुवर्षायू गवतासाठी ठेवावं. बांधावरचं गवत विळ्याने कापलं जातं.

बाटली खरी की बनावट, कसं कळतं?

कधीकधी कळतच नाही. एकदा आठवडी बाजारातून घेतलेल्या ग्लायफोसेटने वीस दिवसांत गवताचं पानही पिवळं झालं नाही. तेव्हापासून नियम केला: नाफडाक या तिथल्या नियामक संस्थेचा नोंदणी क्रमांक, तारीख, शाबूत सील. सुटं, दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेलं घ्यायचं नाही. मोठ्या शेतावर मारण्याआधी दहा बाय दहाच्या तुकड्यावर मारून दहा दिवस थांबायचं.

इतक्या उकाड्यात हातमोजे, मास्क कोण घालणार?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती. पण तेव्हापासून मी उघड्या अंगाने फवारणाऱ्या माणसाला पाहून गप्प बसू शकत नाही.

सगळं जमणार नसेल तर क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात धोक्याचा क्षण बाटलीतून पंपात ओतण्याचा, कारण तेव्हा औषध पूर्ण कडक असतं. त्या पाच मिनिटांना रबरी किंवा नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. मग गमबूट, पँट बुटावरून बाहेर सोडलेली, पूर्ण बाह्यांचा शर्ट. वाऱ्याला आडवं चालायचं. गळका पंप आधी दुरुस्त करायचा, पाठीवरून गळणारं औषध थेट कमरेवर येतं. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकायचा नाही, गवताच्या काडीने साफ करायचा. काम संपलं की साबणाने अंघोळ, कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत.

रिकामा डबा तीनदा धुऊन ते पाणी पंपातच टाका आणि डब्याला भोकं पाडा. भोक नसलेल्या डब्यात पुढच्या आठवड्यात कोणीतरी पाणी किंवा पामतेल भरलेलं असतं. एका झोपडीत मी असा डबा पाहिला, वर झाकणाला धागा बांधून पिण्याच्या पाण्यासाठी टांगलेला. लेबल अजून अर्धं शिल्लक होतं.

दरवर्षी तेच औषध चालेल का?

नाही. प्रोपॅनिल न जुमानणारं पाखड ग्रीस आणि अमेरिकेत फार आधी सापडलं. बिस्पायरिबॅकच्या गटालाही तणं लवकर सरावतात. औषधाचं नाव नव्हे, गट बदला, म्हणजे तण मारण्याची रीतच वेगळी असलेलं औषध घ्या. आणि फवारणीतून वाचलेली रोपं बी धरण्याआधी हाताने काढा.

औषधाशिवाय होऊच शकत नाही का?

फदामात बऱ्याच अंशी होतं. जपानी शास्त्रज्ञ तोशियुकी वाकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिडा भागात आणि घानात बांध, सपाटी, पॉवर टिलरने चिखलणी अशी पद्धत शेतकऱ्यांबरोबर उभी केली. तिला मलाय भाषेतला ‘सावाह’ हा शब्द लावतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा एवढंच म्हणालो, ही तर आपली बांधी. पाणी उभं राहिलं की निम्मं तण उगवतच नाही, आणि ओळीत रोवलेल्या धानात हाताने ढकलायचं कोळपं फिरतं. भंडाऱ्याच्या माणसाला तिकडे शिकवण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल, तर ते धुरा घालणं आणि बांधी समपातळीत आणणं. उतारावर मात्र हा मार्ग नाही.

औषध आलं की निंदणाऱ्या बायकांची मजुरी जाते का?

जिथे निंदण मजुरीवर चालतं तिथे जाते, आणि हे मान्य केल्याशिवाय औषधाचा प्रचार करू नये. पण जिथे निंदण घरच्या बाईचं, बिनपगारी काम आहे, तिथे तिने मला सांगितलेली गोष्ट वेगळी होती. एका घरातल्या मावशी म्हणाल्या, औषधामुळे मला माझ्या स्वतःच्या भुईमुगाकडे वेळेवर जाता आलं. त्या भुईमुगाचे पैसे त्यांचे असतात, धानाचे नवऱ्याचे. म्हणून गावात बैठक घेताना फवारणाऱ्या पुरुषांइतकंच निंदणाऱ्या बायकांनाही बोलवा, आणि औषधावरचा खर्च कोणाच्या श्रमातून वाचला ते त्यांच्याकडूनच ऐका.

जाताना इथून काय न्यावं?

१०० मिलिचं खुणांचं प्लास्टिक मोजपात्र, दोन. फ्लॅट फॅन नोझल पाच-सहा, त्यांच्या जाळ्यांसह. नायट्राइल हातमोज्यांच्या बऱ्याच जोड्या, कारण मजुरांना द्याव्या लागतील. मोजपट्टी, जाड सुतळी, खुंट्या तिकडे मिळतात. धानाचं बी मात्र खिशात घालून नेऊ नका, कितीही आवडीची जात असली तरी. त्यात करग्याचे चार दाणे असले, तर कोणाची तरी बांधी पडीक पडायला तेवढे पुरतात.